चारमिनारच्या दारातील 'ऐन': टांकसाळीतील बदल आणि हाली रुपयाचे मूल्य (पुसेगाव परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

यंत्रावर तयार झालेली कोणतीही वस्तू दुसऱ्या वस्तूसारखीच असावी, अशी तिच्या निर्मात्याची अपेक्षा असते. संग्राहकाचे लक्ष मात्र नेमके तेथे जाते, जेथे ही अपेक्षा पूर्ण झालेली नसते. कारखान्यातून वेगळ्या घडणीचे बाहेर पडलेले रिव्हॉल्व्हर, उलट छापले गेलेले टपाल तिकीट किंवा एखादे अक्षर निराळे असलेले नाणे समोर आले, की पहिला प्रश्न किमतीचा विचारला जातो. या वेगळेपणाने वस्तूचे मूल्य वाढते काय? प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर देण्यापूर्वी तो वेगळेपणा कोठे, केव्हा आणि कोणाच्या हातून निर्माण झाला हे ठरवावे लागते. म्हणजेच बाजाराच्या प्रश्नाआधी इतिहासाचा प्रश्न सोडवावा लागतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार हैदराबाद संस्थानच्या चांदीच्या रुपयाच्या आधारे केला आहे. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात असलेले पुसेगाव (सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले पुसेगाव वेगळे) हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे या परिसरातील जुन्या चांदीचा विचार करताना 'हाली' रुपया टाळता येत नाही. या रुपयावरील चारमिनारच्या दारात एक अरबी अक्षर आहे. सातव्या निजामाच्या राज्यारोहणानंतर काढलेल्या पहिल्या नाण्यांवर ते अपुरे आहे आणि लवकरच ते पूर्ण झालेले दिसते. हा फरक जेमतेम काही मिलिमीटरचा आहे. तथापि एवढ्या लहान फरकाचे मोल कसे ठरवावे, याचा विचार करताना संग्राह्य वस्तूंच्या मूल्यमापनाचे बहुतेक सर्व प्रश्न उपस्थित होतात.

दोन चलनांच्या सीमेवरील प्रदेश

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेच्या खर्चाची तरतूद हे त्यामागील प्रमुख कारण होते. या फौजेचे एक ठाणे हिंगोली येथे होते. अशा रीतीने हिंगोलीच्या छावणीचा खर्च भागविण्यासाठी शेजारचा वऱ्हाड वेगळ्या कारभाराखाली गेला आणि आजच्या सेनगाव-रिसोड पट्ट्यात दोन राज्यव्यवस्थांची सीमा तयार झाली. १९०२ मध्ये वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने देण्यात आला आणि १९०३ मध्ये कंटिंजंटही हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. चलनाची सीमा मात्र कायम राहिली. सीमेच्या दक्षिणेस हाली चालत असे आणि उत्तरेस इंग्रजी रुपया, म्हणजे लोकांच्या भाषेतील 'कलदार'.

या दोन रुपयांचा अधिकृत हिशेब सात हालीस सहा कलदार असा होता. हा दर केवळ राजकीय वजनावर ठरला होता असे समजण्याचे कारण नाही. चारमिनार छापाच्या हाली रुपयाचे प्रमाणित वजन ११.१७८ ग्रॅम होते आणि त्यात चांदीचे प्रमाण हजारी ८१८ होते. म्हणजे एका रुपयात सुमारे ९.१४ ग्रॅम शुद्ध चांदी येते. इंग्रजी रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम व चांदी बारा भागांत अकरा, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. या दोन आकड्यांचे गुणोत्तर १.१७ येते. सातास सहाचे गुणोत्तरही १.१७ च्या अगदी जवळचे आहे. थोडक्यात, सराफाचा काटा जे सांगत होता तेच सरकारी दर सांगत होता. सीमेवरच्या बाजारात कापूस किंवा जनावरे विकून घरी परतणाऱ्या शेतकऱ्यास चारमिनारच्या दारात कोणते अक्षर आहे याच्याशी काही कर्तव्य नव्हते. त्याच्या दृष्टीने रुपयाचे मूल्य म्हणजे त्यातील चांदी आणि त्यामागची राजाज्ञा. अक्षराचे मूल्य ही फार नंतरची, नाणे चलनातून गेल्यानंतरची गोष्ट आहे.

हाली रुपया टिकला तोही मुख्यतः चांदी म्हणून. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानचे विलीनीकरण झाले. त्यानंतर १९५० च्या दशकात हाली चलन टप्प्याटप्प्याने व्यवहारातून गेले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. नव्या रुपयाच्या हिशेबात हाली बसत नव्हता. ज्यांना तो बदलून घेता आला त्यांनी बदलला, काहींनी सराफाकडे मोडीत घातला. उरलेला लग्नाच्या पेटीत, देवघरात किंवा दागिन्यात गेला.

दारातील अक्षर

आसफजाही राज्यकर्त्यांनी १८५७-५८ पर्यंत मोगल बादशहांच्या नावाने नाणी पाडली. बादशाही संपुष्टात आल्यानंतर नाण्यावर निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादूर हा किताब आला आणि त्यासोबत ९२ हा अंक. अब्जद पद्धतीने 'मुहंमद' या नावातील अक्षरांची बेरीज (मीम ४०, हे ८, मीम ४० आणि दाल ४) ९२ होते. राज्यकर्त्याचे स्वतःचे नाव मात्र पूर्ण न लिहिता त्याचे आद्याक्षर देण्याची प्रथा पडली. यंत्रावर पाडलेल्या चारमिनार छापाच्या नाण्यांचा आरंभ हिजरी १३२१, म्हणजे इ.स. १९०३-०४ मध्ये झाला. या नाण्यांवर मधोमध चारमिनारची इमारत असून तिच्या मुख्य कमानीत सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे आद्याक्षर 'मीम' कोरलेले आहे. मागील बाजूस किंमत, 'फर्खुंदा बुनियाद हैदराबाद' हे टांकसाळीचे नाव आणि राज्यारोहणाचे वर्ष असे. राजाचा मुखवटा न वापरता शहराची ओळख असलेली वास्तू आणि तिच्या उंबरठ्यावर राजाचे एकच अक्षर, अशी ही रचना आहे. इंग्रजी रुपयाशी तुलना करता ती अधिक संयत व अधिक देखणी वाटते.

२९ ऑगस्ट १९११ रोजी महबूब अली खान यांचे निधन झाले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. 'उस्मान' हे नाव अरबी लिपीत 'ऐन' या अक्षराने सुरू होते. साहजिकच कमानीतील मीम जाऊन तेथे ऐन येणे आवश्यक होते. हिजरी १३२९ हे वर्ष डिसेंबर १९११ च्या तिसऱ्या आठवड्यात संपले. म्हणजे नव्या निजामाच्या नावाने १३२९ सालची नाणी पाडण्यास टांकसाळीला चार महिनेही मिळाले नाहीत. १३२९ च्या नाण्यांवर आणि १३३० च्या काही नाण्यांवर कमानीत ऐनचा आरंभीचा भागच दिसतो. १३३० च्या इतर नाण्यांवर आणि त्यापुढील वर्षांच्या नाण्यांवर ऐन पूर्ण आहे. नाणकशास्त्रीय सूचींमध्ये या दोहोंची नोंद स्वतंत्र प्रकार म्हणून केली जाते.

अरबी लिपीत ऐन शब्दाच्या आरंभी जोडून लिहिले असता एक रूप घेते आणि सुटे लिहिले असता त्याला खाली मोठे वळण येते. आद्याक्षर म्हणून एकटेच उभे राहणारे अक्षर सुटे लिहिले जाणे अधिक स्वाभाविक. अपुरा ऐन हा कारागिराचा निष्काळजीपणा होता, की 'उस्मान' या शब्दाच्या आरंभीचे रूप जाणीवपूर्वक घेतले गेले होते, हे नाणे सांगू शकत नाही. मीमसाठी आखलेल्या कमानीच्या जागेत सुट्या ऐनचे खालचे वळण बसविण्यासाठी नवे रेखाटन लागले असेल, हा तर्क संभवनीय आहे. एवढे मात्र निश्चित की नव्या राजवटीच्या पहिल्या काही महिन्यांतच टांकसाळीने आपल्या ठशाचा पुनर्विचार केला.

हा पुनर्विचार केव्हा झाला याचा शोध नाण्यावरूनच घेता येतो. जुलूस वर्ष, म्हणजे राज्यारोहणाचे वर्ष, हिजरी गणनेने धरले तर पहिले वर्ष ऑगस्ट १९१२ च्या मध्यास संपते. १३३० हे हिजरी वर्ष डिसेंबर १९१२ मध्ये संपले. त्यामुळे १३३० चे नाणे पहिल्या जुलूस वर्षाचे असेल तर ते २२ डिसेंबर १९११ ते ऑगस्ट १९१२ या काळातील, आणि दुसऱ्या जुलूस वर्षाचे असेल तर त्यानंतरच्या चार महिन्यांतील ठरते. जुना ठसा वर्ष उलटल्यावरही वापरला जाण्याची शक्यता प्रत्येक टांकसाळीत असते, हे लक्षात ठेवूनही हा पुरावा मोलाचा आहे. नाण्याच्या दोन्ही बाजू एकत्र वाचल्याशिवाय हे साधत नाही. घरातील रुपयाचे छायाचित्र केवळ चारमिनारच्या बाजूने काढून पाठविणारे लोक निम्मी माहिती गाळतात.

बदल कोणत्या पायरीवर झाला

नाणे तयार होण्याच्या प्रक्रियेतील पायऱ्या ध्यानात घेतल्याशिवाय बदलाचे मूल्य ठरत नाही. प्रथम मूळ नमुना कोरला जातो, त्यावरून उठावाचा मूळ ठसा तयार होतो आणि त्या मूळ ठशाने पोलादावर दाबून कामाचे अनेक ठसे उतरविले जातात. कामाच्या ठशांमध्ये धातूची कोरी चकती ठेवून यंत्राने आघात केला की नाणे पडते. बदल मूळ नमुन्यात असेल तर तो त्यापासून निघालेल्या प्रत्येक ठशावर आणि म्हणून लाखो नाण्यांवर दिसेल. बदल कामाच्या एखाद्याच ठशात असेल, उदाहरणार्थ त्यास तडा गेलेला असेल, तर तो ठसा निकामी होईपर्यंत निघालेल्या नाण्यांवरच दिसेल. चकती सरकून छाप एका बाजूस गेला असेल तर ते त्या एकाच नाण्याचे वैशिष्ट्य होय. आणि नाणे टांकसाळीबाहेर पडल्यानंतर कोणी कानस लावली, छिद्र पाडले किंवा अंक कोरला तर तो टांकसाळीतील बदल नव्हेच.

अपुरा ऐन एकाहून अधिक वर्षांच्या नाण्यांवर त्याच स्वरूपात आढळतो. वर्ष बदलले की ठसा बदलावा लागतो. म्हणून हा फरक एका ठशावरचा अपघात नसून वरच्या पायरीवरचा, म्हणजे मूळ नमुन्यातील आहे असे मानणे सयुक्तिक ठरते. येथेच त्याच्या किमतीची मर्यादाही स्पष्ट होते. मूळ नमुन्यातील बदल अधिकृत असतो, ओळखण्यास सोपा असतो, त्याची सूचीत नोंद होते. परंतु त्याच कारणाने तो मोठ्या संख्येने पुनरावृत्त झालेला असतो. अपुऱ्या ऐनचा रुपया अतिदुर्मिळ नाण्यांत गणला जात नाही. ज्यास उस्मान अली खानांच्या रुपयांची वर्षवार मालिका पूर्ण करायची आहे त्यास तो हवा असतो आणि त्यासाठी तो काहीसे अधिक मोजतो, एवढाच त्याचा बाजारातील अर्थ आहे.

फरक आणि त्याचे मूल्य यांचा संबंध एकसारखेपणाच्या अपेक्षेशी असतो, ही गोष्ट शिवराईच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे महाराष्ट्रात दीर्घकाळ आणि अनेक ठिकाणी पाडले गेले. त्याचे ठसे हाताने कोरले जात असल्याने ऱ्हस्व-दीर्घ, 'श' ऐवजी 'स', अक्षरांची मांडणी, ठिपक्यांची वलये यांत अपार वैविध्य आहे. दुदांडी शिवराईसारखे काही प्रकार स्वतंत्र नावानेही ओळखले जातात. तेथे वेगळेपणा हाच नियम असल्याने केवळ वेगळे अक्षर पाहून किंमत वाढत नाही. तो वेगळेपणा विशिष्ट काळ किंवा विशिष्ट टांकसाळ दर्शवितो असे सिद्ध झाले तरच त्याला महत्त्व येते. यंत्रावरच्या रुपयावर तोच फरक एकदम नजरेत भरतो. चारमिनार रुपयाकडे संग्राहक भिंग घेऊन पाहतात आणि शिवराईकडे नुसत्या डोळ्यांनी, याचे हे एक कारण असावे.

त्याच वर्षीचा मुंबईचा रुपया

योगायोग असा की १९११ मध्येच इंग्रजी रुपयावरही नव्या राज्यकर्त्याची मुद्रा आली आणि तेथेही टांकसाळीला आपले रेखाटन सुधारावे लागले. पंचम जॉर्ज यांच्या मुखवट्याखालील झग्यावर हत्तीची आकृती होती. तिची सोंड इतकी आखूड उमटली होती की ती डुकरासारखी दिसते अशी चर्चा सुरू झाली. हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांच्या भावना त्यामुळे दुखावल्या. मुंबई आणि कलकत्ता या दोन टांकसाळींनी मिळून असे सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते. त्यांपैकी सुमारे ७ लाखच लोकांच्या हाती गेले, उरलेले परत वितळविण्यात आले. १९१२ च्या रुपयावर हत्तीची सोंड नीट रेखाटलेली आहे.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली असता मूल्याचा खरा आधार कोठे आहे हे दिसते. दोन्ही ठिकाणी नवा राजा, घाईने केलेला नमुना आणि वर्षभराच्या आत झालेली दुरुस्ती आहे. तथापि हैदराबादमध्ये अपुऱ्या ऐनची नाणी परत घेऊन वितळविली गेल्याची अशी प्रसिद्ध कथा नाही. ती चलनात राहिली, झिजली आणि इतर हाली रुपयांबरोबरच त्यांचा शेवट झाला. १९११ च्या इंग्रजी रुपयाला आज जी अधिक किंमत येते ती डुकराच्या गोष्टीमुळे येते असे सर्वसाधारणतः मानले जाते. गोष्टीमुळे मागणी वाढते हे खरे. परंतु सर्व ९४ लाख नाणी चलनात आली असती तर गोष्ट तीच राहूनही किंमत एवढी चढली नसती. वितळभट्टीने केलेली घट हा त्या किमतीचा पाया आहे. विक्रेते गोष्ट सांगतात, कारण ती सांगण्यास रंजक असते. संख्या सांगणे त्यांच्या हिताचे नसते.

शस्त्रसंग्रहातील पुराव्याची पद्धत

याच प्रश्नाचा विचार पाश्चात्त्य देशांतील शस्त्रसंग्राहकांनी अधिक काटेकोरपणे केला आहे आणि त्यांची पद्धत नाणे-अभ्यासकांसही उपयोगी पडते. कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन यांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर प्रत्येकी अनुक्रमांक असतो. कारखान्याच्या खातेवहीत त्या क्रमांकापुढे नळीची लांबी, पृष्ठभागाचे काम, पाठविल्याची तारीख अशा नोंदी असत. म्हणून नेहमीपेक्षा वेगळ्या लांबीची नळी असलेले रिव्हॉल्व्हर पुढे आले की संग्राहक खातेवहीवर आधारलेले पत्र मागतो. पत्राने दुजोरा दिला तर तो वेगळेपणा कारखान्याचा ठरून किंमत वाढते. दिला नाही तर तीच वस्तू नंतर कोणीतरी फेरफार केलेली ठरते आणि तिची किंमत साध्या नमुन्यापेक्षाही खाली जाते. वस्तू तीच, डोळ्यांना दिसणारा फरकही तोच. कागदाच्या एका ओळीने तिचे स्थान बदलते. ब्रिटिश लष्करासाठी १८८७ पासून वेब्ली कंपनीची रिव्हॉल्व्हर घेतली जाऊ लागली. त्यांच्यातील सुधारणा मात्र अधिकृत रीतीने क्रमांक व तारकाचिन्ह देऊन नोंदविल्या जात. तेथे फरक हा दोष न राहता स्वतंत्र नमुना होतो. हैदराबादच्या पूर्ण ऐनचे स्वरूप असेच आहे, फक्त त्याला तारकाचिन्ह दिलेले नाही.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे असा संग्रह परवान्याशिवाय करता येत नाही आणि तो महाविद्यालयीन अभ्यासाचा विषय होणे अवघड आहे. शिवाय रिव्हॉल्व्हर आणि नाणे यांच्यात एक मूलभूत भेद आहे. नाण्यावर अनुक्रमांक नसतो, त्यामुळे एका विशिष्ट रुपयाचे टांकसाळीचे पत्र मिळणे शक्य नाही. त्याची साक्ष त्याच ठशातून निघालेली इतर नाणी देतात. वेगवेगळ्या गावांतून, एकमेकांशी संबंध नसलेल्या घरांतून तोच फरक त्याच जागी आढळला तर तो टांकसाळीचा आहे, असे अनुमान बळकट होते. एकाच नाण्यावर आढळून अन्यत्र कोठेच न आढळणारा फरक आकर्षक असला तरी संशयास्पद असतो. सर्वसामान्य माणसाची समजूत याच्या नेमकी उलट असते. 'असे दुसरे कोठेच नाही' हे वाक्य त्याला किमतीची हमी वाटते.

झीज, कडी आणि खोटेपणा

हाली रुपयाच्या बाबतीत प्रत्यक्ष परीक्षा करताना सर्वांत मोठी अडचण झिजेची येते. दागिन्यात वापरलेल्या नाण्यांचा या भागात मोठा वाटा आहे. बंजारा स्त्रियांच्या अलंकारांत चांदीचे रुपये गुंफण्याची परंपरा सर्वज्ञात आहे, तसेच इतर समाजांतही रुपयांच्या माळा होत्या. अंगावर घासून नाण्याचा उठाव झिजतो. ज्याचा उठाव अधिक, ते आधी पुसट होते. कमानीतील पूर्ण ऐनचे खालचे वळण झिजून गेले तर ते अपुऱ्या ऐनसारखे भासू शकते. अशा वेळी अक्षराकडे एकटे न पाहता त्याच्या परिसराकडे पाहावे. कमानीच्या कडा, मिनारांवरील बारीक काम आणि भोवतालचा मजकूर ठसठशीत असूनही ऐन अपुरा असेल तर तो मूळचा अपुरा. सर्वच तपशील सपाट झाले असतील तर अक्षराबद्दल काही न बोलणे बरे. त्यानंतर वर्ष पाहावे. १३३१ किंवा त्यानंतरचे वर्ष स्पष्ट वाचता येत असेल आणि ऐन अपुरा वाटत असेल, तर दुर्मिळ शोध लागला असे मानण्याआधी झिजेची किंवा मंद आघाताची शंका घ्यावी.

माळेत ओवण्यासाठी वर डाख देऊन कडी बसविलेली असते. कडी काढली तरी तेथे वितळलेल्या चांदीचा डाग राहतो. बाजारात असे नाणे 'दागिन्यातले' म्हणून कमी किमतीस जाते आणि सूचीच्या भाषेत ते सदोषच असते. परंतु सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकास कडीची खूण पुसलेली नको असते. चलनातून बाद झालेला रुपया स्त्रीधन म्हणून कसा टिकला, याचा तोच पुरावा आहे. नाणे चकचकीत करण्यासाठी चिंच, राख किंवा पावडर लावून घासण्याची सवयही अशीच. त्याने नाणे नवे दिसते आणि त्याचे दोन्ही प्रकारचे मूल्य उतरते.

मागणी वाढलेल्या प्रत्येक प्रकाराची नक्कल होते. षष्ठ जॉर्ज यांचा १९३९ चा रुपया दुर्मिळ असल्याने १९३८ च्या रुपयावरील शेवटचा अंक बदलून तो तयार करण्याचे प्रकार प्रसिद्ध आहेत. अपुऱ्या ऐनसाठी एवढा खटाटोप कोणी करावा अशी त्याची किंमत नाही, आणि हीच त्याची अभ्यासाच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. ज्या वेगळेपणाला बाजारात फार भाव नाही, त्याची साक्ष सहसा कोणी भ्रष्ट करीत नाही. तरीही वजन घेणे अनिवार्य आहे. ११.१७८ ग्रॅमपेक्षा झिजेने थोडी घट येते. वजन प्रमाणापेक्षा जास्त भरले, किंवा झीज नसताना लक्षणीय कमी भरले, तर इतर सर्व परीक्षा थांबवून धातूची परीक्षा करावी लागते.

बाजार, अफवा आणि कायदा

हा विषय ग्रामीण भागात केवळ अभ्यासापुरता राहिलेला नाही. जुन्या नाण्यांना व नोटांना लाखो रुपये मिळतात असे सांगून आगाऊ शुल्क उकळण्याचे प्रकार इतके वाढले की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर खुलासा करावा लागला. बँक अशा व्यवहारात नाही, कोणतेही शुल्क वा दलाली घेत नाही आणि कोणासही त्यासाठी अधिकार दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट केले. अशा अफवांचे भांडवल बहुधा एखादा 'वेगळेपणा' असतो. ज्या घरात चार-सहा हाली रुपये आहेत तेथे दोन टोकांची चूक संभवते. एकीकडे ते डाखाची चांदी म्हणून वजनावर मोडले जातात, दुसरीकडे अवाच्या सवा किमतीच्या आशेने फसवणूक ओढवते. मूल्य या दोहोंच्या मध्ये, आणि बहुधा चांदीच्या भावापासून फार दूर नसलेल्या जागी असते. नाण्याची अवस्था उत्तम असेल तर अक्षराच्या फरकापेक्षा ती अवस्थाच किंमत अधिक वाढविते. वापरून गुळगुळीत झालेल्या अपुऱ्या ऐनच्या रुपयापेक्षा टांकसाळीची चमक टिकलेला साधा पूर्ण ऐनचा रुपया महाग पडणे सहज शक्य आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही दोन बाबी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते. हिजरी १३२९-३० च्या रुपयांनी ही मर्यादा २०११-१२ मध्ये ओलांडली, म्हणून ते खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाहीत. शेतात किंवा घराच्या पायात पुरलेली नाणी सापडली तर १८७८ चा भूमिगत धन अधिनियम लागू होतो आणि दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक ठरते. वारसाने आलेले नाणे आणि जमिनीतून निघालेले नाणे यांत कायदा भेद करतो. विक्रीच्या वेळी हा भेद लपविला जातो, तेव्हा नाण्याबरोबर त्याच्या सापडण्याची जागाही नाहीशी होते. एका ठेव्यातील सर्व नाणी एकत्र पाहता आली तर त्यातील सर्वांत अलीकडच्या वर्षावरून तो केव्हा पुरला गेला याचा अंदाज येतो. विखुरलेल्या नाण्यांतून तो कधीच येत नाही.

नोंदीची आवश्यकता

हैदराबादची टांकसाळ १९५० मध्ये भारत सरकारकडे आली आणि तिचे काम १९९७ मध्ये चेर्लापल्ली येथे हलविण्यात आले. सैफाबाद येथील जुन्या इमारतीत २०२२ मध्ये टांकसाळ संग्रहालय सुरू झाले. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे, तर नाशिकजवळ अंजनेरी येथील भारतीय मुद्रा संशोधन संस्था नाणकशास्त्राच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. या संस्थांमधून उत्तम अवस्थेतील नमुने पाहता येतात. परंतु कोणत्या गावात कोणती नाणी किती प्रमाणात टिकली, हाली आणि कलदार एकाच पेटीत किती ठिकाणी आढळतात, या प्रश्नांची उत्तरे संग्रहालयातील निवडक नमुन्यांतून मिळणार नाहीत. पुसेगावसारख्या जुन्या चलनसीमेजवळच्या गावांमध्ये ती मिळण्याची शक्यता अधिक आहे.

त्यासाठी नाणे विकत घेण्याची किंवा मालकाचे नाव प्रसिद्ध करण्याची आवश्यकता नाही. दशांश ग्रॅम दाखविणारा काटा, भिंग आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र एवढ्या साधनांवर महाविद्यालयातील इतिहास विभागाचे विद्यार्थी हे काम करू शकतात. प्रत्येक नाण्यापुढे हिजरी वर्ष, जुलूस वर्ष, कमानीतील अक्षर (मीम, अपुरा ऐन, पूर्ण ऐन किंवा अवाचनीय), वजन, कडी वा छिद्राची खूण आणि घरात ते कोणत्या मार्गाने आले याविषयीची कुटुंबाची माहिती नोंदवावी. 'अवाचनीय' हा रकाना कधीही गाळू नये. तो गाळला की नोंद करणारा प्रत्येक पुसट अक्षराला काहीतरी नाव देऊ लागतो आणि अपुऱ्या ऐनची संख्या कागदावर आपोआप वाढत जाते.